बाकड्याचा कायदा

आमच्या सासूबाईंना दीड वर्ष पेपर वाचता येत नव्हता, आणि त्या दीड वर्षात आमच्या सासऱ्यांनी त्यांना जो पेपर वाचून दाखवला, तो कुठल्याही छापखान्यात कधी छापला गेलेला नाही.

म्हणजे सुरुवात खरी असायची. तारीख खरी, हवामान खरं, कोण कोण गेलं तेही खरं. पण दवाखान्याचा विषय आला की अण्णांची मान पेपरात आणखी आत जायची, आवाज जड व्हायचा आणि मग सुरू.

"ऐक. एका देशात सरकारी दवाखाना कंपनीला चालवायला दिला. सहा महिन्यांत उश्या भाड्याने."

आई भिंतीकडे तोंड करून ऐकायच्या. "उश्या?"

"उश्या. डोक्याखालची वेगळी, पायाखालची वेगळी."

"असं छापलंय?"

"छापलंय."

मी चहाचे कप उचलताना त्या पानावर डोकावले, तर तिथे सर्वांत मोठा भोपळा पिकवणाऱ्या माणसाचा फोटो होता. भोपळा आणि तो, दोघंही हसत होते.

मी कप घेऊन आत गेले. सुनेने पेपर आणि सासूसासऱ्यांचं भांडण, दोन्ही घडी घालून जागेवर ठेवावं, वाचत बसू नये, अशा मताची मी आहे.

भांडण दवाखान्यावरून होतं. आमच्या शहरातला मोठा सरकारी दवाखाना एका कंपनीच्या हाती द्यायचा की नाही, यावर सगळीकडे वाद पेटला होता. ठरलं असं, की एक महिना कंपनीने बाह्यरुग्ण विभाग आणि शस्त्रक्रियांची यादी चालवून दाखवायची, त्याच महिन्याच्या शेवटी एका समितीने लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि मग काय ते ठरवायचं. याच दवाखान्यात अण्णा चौतीस वर्षं ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, टाके काढायचे. अर्ध्या शहराचे गुडघे त्यांच्या हाताखालून गेलेत. अजूनही रस्त्यात कोणी हाक मारली, की अण्णा तोंडाकडे नंतर बघतात, आधी कोपराकडे बघतात आणि मग नावानिशी ओळखतात. मीही त्याच दवाखान्यात, केसपेपरच्या तीन नंबरच्या खिडकीवर, गेली सोळा वर्षं. आमचे हे ट्रक चालवतात. घरी असले आणि या विषयावर त्यांचं मत विचारलं, तर त्यांना नेमकी टायरमधली हवा बघायची आठवण होते.

तर अण्णा कंपनीच्या विरोधात आणि आई कंपनीच्या बाजूने.

आईंचं कारण सरळ होतं. डावा डोळा लहानपणापासून अधू आणि उजव्यात मोतीबिंदू. शस्त्रक्रियेच्या यादीत नाव लागून दीड वर्ष झालेलं. दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई एक, टेबल एक आणि टेबलावरचा दिवा वर्षातले चार महिने दुरुस्तीला.

"सून खिडकीवर बसते, नवऱ्याने चौतीस वर्षं पट्ट्या बांधल्या, आणि मी यादीत तीनशे बारावी," आई म्हणायच्या.

"आई, यादी माझ्याकडे नसते."

"असती तर काय केलं असतंस?"

"तीनशे बारावरच ठेवलं असतं."

"तेच म्हणते मी. घरात दवाखान्यातली दोन माणसं, दोन्ही सरळ. एखादं तरी वाकडं निघायला काय हरकत होती?"

आता बाकड्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच बसलेलं आहे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक लांबलचक लाकडी बाकडं होतं. जागा बारा जणांची, बसायचे वीस. मी खिडकीतून केसपेपरबरोबर पत्र्याचा एक गोल बिल्ला द्यायचे, त्यावर आकडा ठोकलेला. आकड्याप्रमाणे मोठ्या दालनात डॉक्टरांसमोर जायचं. पण बाकड्याचा स्वतःचा एक कायदा होता. ज्याला जास्त दुखतंय, त्याने पुढचा बिल्ला घ्यायचा. ज्याला कमी दुखतंय, त्याने मागचा.

हा कायदा अण्णांनी केला. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. हात भाजलेली एक बाई पन्नासावा बिल्ला घेऊन बसली होती आणि पायाचं कुरूप दाखवायला आलेले एक गृहस्थ पाचवा घेऊन. अण्णांनी गृहस्थांच्या हातातला बिल्ला काढून बाईला दिला. गृहस्थ तापले. अण्णा म्हणाले, "तुमचं कुरूप दहा वर्षांचं आहे. आणखी तासभर थांबायला त्याची हरकत नसेल." बाकडं हसलं, आणि कायदा झाला. तेव्हापासून लोक आपापसांत बिल्ले बदलायचे. "तुमचा ताप किती? मग घ्या हा." "अहो, माझं नुसतं ठसठसतंय, ह्यांचं बघा कसं सुजलंय." कधी कधी जास्त कोणाला दुखतंय यावर इतकं जोरदार भांडण व्हायचं, की निम्मे लोक त्यातच बरे व्हायचे. डॉक्टरांचं काही अडत नव्हतं. त्यांच्यासमोर माणूस यायचा आणि त्याच्या हातात त्याचाच केसपेपर असायचा. बिल्ला कोणाचा, याला काही अर्थ नव्हता.

कंपनी आली. भिंतींना रंग लागला. बाकडं मागच्या व्हरांड्यात गेलं आणि त्या जागी जमिनीला जखडलेल्या पोलादी खुर्च्या आल्या. स्वच्छतागृहाच्या दारांना आतून कड्या बसल्या. हे शेवटचं सांगताना अण्णांचाही आवाज पडायचा, कारण सोळा वर्षं आम्ही बायका आत गेलं की बाहेर मैत्रिणीला उभी करत आलो होतो. खिडक्या बंद झाल्या आणि टोकन देणारं यंत्र उभं राहिलं. मला एक जाकीट मिळालं, पाठीवर लिहिलेलं: 'मी आपल्याला मदत करू का?' त्यामुळे समोरून येणाऱ्यांना मी कोण ते कळायचं नाही. मी पुढे निघून गेले, की त्यांना कळायचं की या बाईंची मदत झाली असती.

कंपनीचे साहेब तिशीच्या आतले. कितीही उकडलं तरी गळ्यात टाय, म्हणून सगळे त्यांना टायसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हीच तर अण्णांची पंचाईत होती. त्याने पहिल्या आठवड्यात टेबलावरचा दिवा दुरुस्त करून घेतला, दुसऱ्या आठवड्यात बाहेरून दोन डॉक्टर आणि दुसरं टेबल आणलं. शस्त्रक्रियेची यादी चाळली, तर त्यातले एकोणीस जण वारलेले होते आणि सतरा जण दुसरीकडून करून आलेले. अठराव्या दिवशी आईंना निरोप आला: सोमवारी पूर्वतपासणीला या, शुक्रवारी शस्त्रक्रिया.

आईंनी मला मधे उभं केलं. अबोला धरला की दोघांनाही मीच लागते.

"सूनबाई, त्यांना सांग, दीड वर्षात जे झालं नाही ते अठरा दिवसांत झालं."

"सूनबाई, तिला सांग, नव्याचे नऊ दिवस. नवी सून आली होती, तेव्हा तीसुद्धा पहाटे उठायची."

"अण्णा, मी इथेच उभी आहे."

"म्हणून तर सांगतोय."

सोमवारी आई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. मीच यंत्रावर त्यांचं नाव, वय, डोळा सगळं भरलं, टोकन निघालं एक्केचाळीस, ते त्यांच्या मुठीत दिलं आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात यंत्राने कोणाचा तरी कागद गिळला, म्हणून मी तिकडे धावले. माझी पाठ फिरली ती अर्धा तास. पाठीवर काय लिहिलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आईंच्या शेजारी बाजारातला एक हमाल येऊन बसला. आडदांड माणूस, दोन-दोन पोती एका दमात उचलणारा, पण दाढेने त्याचं लेकरू करून टाकलं होतं. गाल टम्म, हनुवटीपासून डोक्यापर्यंत टॉवेल बांधलेला, तोंड उघडत नव्हतं.

"दाढ का हो?"

"ऊं."

"नंबर किती?"

त्याने आईंच्या नाकासमोर आधी सहा बोटं धरली, मग आठ.

"अडुसष्ट! आता चाळीस चाललाय. हा घ्या माझा, एक्केचाळीस."

"ऊं हूं."

"घ्या म्हणते ना! ड्रेसरची बायको आहे मी. मला कायदा शिकवू नका."

आणि त्यांनी टोकन बदललं. वर्षानुवर्षं बदलत आल्या तसंच. फरक एवढाच, की टोकन म्हणजे बिल्ला नव्हता. त्याच्या पोटात नाव होतं, दुखणं होतं आणि खोलीचा नंबर होता. चिठ्ठीवर बारीक अक्षरांत तसं छापलंही होतं. पण ती वाचता आली असती, तर आई तिथे कशाला बसल्या असत्या?

यंत्र बोललं, "एक्केचाळीस, खोली क्रमांक दोन." हमाल खोली क्रमांक दोनमध्ये गेला. तिथे कंपनीची नवी नर्स होती आणि कंपनीचा नियम होता, की रुग्णाला नाव-गाव विचारून त्रास द्यायचा नाही, सगळं टोकनमध्ये असतं. तिने टोकन यंत्राला दाखवलं आणि हमालाच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. त्याने गालाकडे बोट केलं. ती म्हणाली, "ओघळलं तर पुसा, काका." त्याने पुन्हा बोट केलं. ती म्हणाली, "घाबरायचं नाही." वीस मिनिटांनी आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा डोळा तपासला. त्यांच्या पडद्यावरही नुसता एक्केचाळीस. गरुडासारखा डोळा! त्यांनी 'मोतीबिंदू नाही' असं लिहिलं, टॉवेल बघून म्हणाल्या, "तुम्ही इथे कसे? दातांकडे जा," आणि पुढचा नंबर घेतला.

इकडे "अडुसष्ट, खोली क्रमांक सात" झालं. आईंना वाटलं, कंपनीने डोळ्यांची खोली बदलली असणार, रंगही बदललाय ना. आत गेल्या. खुर्ची आपोआप मागे झुकली, तेव्हा त्यांना कंपनीचं फारच कौतुक वाटलं.

"तोंड उघडा, आजी," दातांचा डॉक्टर म्हणाला. नवखाच होता.

आईंनी उघडलं. त्यांना वाटलं, ताप बघत असेल.

"कोणती दुखतेय?"

"दुखत नाही, दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"धुकं आहे सगळं."

त्याने तोंडात बॅटरी मारून धुकं शोधलं. मग आईंना त्याची दया आली आणि त्यांनी वरची आणि खालची कवळी काढून त्याच्या हातात दिली. मला सांगत होत्या, "म्हटलं, बघ बाबा, सगळ्या तुझ्याच हातात देते, तूच शोध कोणती ती."

घोळ उघडा पडेपर्यंत दोन्ही नोंदी झाल्या होत्या. हमालाची दाढ डॉक्टरने लगेच काढून टाकली, त्याचं काम झालं. फक्त डोळ्यांत थेंब असल्याने त्याला ऊन सोसेना, म्हणून तो संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात जुन्या बाकड्यावर बसून होता. त्याच्या फोनवर संदेश आला: 'आपल्या तोंडात एकही दात आढळला नाही.' त्याने म्हणे जिभेने मोजून बघितले.

आणि आईंच्या नावाने माझ्या फोनवर: 'अभिनंदन! आपल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आढळला नाही. आपले नाव शस्त्रक्रियेच्या यादीतून वगळण्यात आले आहे.'

मी घरी तो वाचून दाखवला. आईंनी विचारलं, "अभिनंदन कशाचं?" मी सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. अण्णा मात्र उठून उभे राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा खरी बातमी त्यांच्या हाती लागली होती.

"हे छापायला पाहिजे! गुरुवारी सुनावणीत हेच मांडतो. माणसाचा मोतीबिंदू कागदावर बरा करतात! यापुढे समिती काय बोलेल?"

"मला काही फार बघायचं नव्हतं हो," आई भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "पेपर तेवढा स्वतःचा स्वतः वाचायचा होता."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी चहाच्या कपात बघितलं. कप रिकामा होता.

मंगळवारी मी आईंना घेऊन टायसाहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाले, शुक्रवारची यादी गुरुवारी दुपारी बंद होते, तोवर नोंद दुरुस्त झाली तर जागा आहे. नाही तर नव्याने नाव घालावं लागेल, शेवटी. अकरा महिने.

"मग करा की दुरुस्त."

"कारण निवडावं लागतं." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. तीन कारणं होती. रुग्णाची चूक. कर्मचाऱ्याची चूक. यंत्राची चूक. तिसऱ्याची अक्षरं करडी होती, ती दाबली जात नव्हती.

"दुसरं दाबा," मी म्हणाले. "मी तिथेच होते. माझं लक्ष हवं होतं."

"ते तुमच्या मूल्यमापनात जाईल, ताई. महिनाअखेर कोणाला ठेवायचं ते..."

"खबरदार!" आई म्हणाल्या. मला की त्यांना, कळलं नाही. "पहिलं वाच."

मी वाचलं. "टोकन दुसऱ्यास देणे ही माझी चूक होती व ती मी पुन्हा करणार नाही. खाली सही."

"पुन्हा करणार नाही?"

"तसं लिहिलंय."

आईंनी मान टायसाहेबांच्या आवाजाकडे वळवली. "साहेब, उद्या माझ्या शेजारी कोणी कळवळत बसला आणि माझा नंबर पुढे असला, तर मी काय करायचं?"

"कर्मचाऱ्याला सांगायचं, आजी."

"कर्मचारी काय करेल?"

"नोंद घेईल."

"आणि दाढ काय करेल?"

टायसाहेबांनी टाय सैल केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"मी नाही सही करत," आई म्हणाल्या. "तुमच्या खुर्च्या चांगल्या आहेत, कड्या चांगल्या आहेत, मी घरीदारी तुमचीच बाजू घेते. पण हा कायदा आमच्या ह्यांचा आहे. घरात मी त्यांना रोज खोटं पाडते, तो माझा हक्क आहे. बाहेर सही करून पाडणार नाही."

"अहो आई, डोळा..."

"राहू दे. धुक्याची सवय झालीय."

घरी आले, तेव्हा अण्णा भाषण लिहीत होते. सातवं पान चालू होतं. मी स्वयंपाकघरात बोलावून त्यांना केबिनमध्ये काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. 'तो माझा हक्क आहे' हेसुद्धा गाळलं नाही. अण्णा बराच वेळ पेनाचं टोपण लावत होते. मग म्हणाले, "आज भाजीत मीठ जरा कमीच घाल." आमच्याकडे अण्णांना गहिवरून आलं की ते मिठावर बोलतात.

गुरुवारी सकाळी मी कामावर पोचले, तर टोकनच्या रांगेत अण्णा. चौतीस वर्षं ज्या दारातून थेट आत गेले, तिथे यंत्रापुढे उभे राहून बटणं शोधत होते. मी मदतीला गेले, तर म्हणाले, "जाकीट घालून जवळ येऊ नकोस. सगळ्यांसारखा आलोय." नंबर लागला तेव्हा आत गेले. काचेची केबिन, त्यामुळे मला दिसलं सगळं, आणि दार उघडं, त्यामुळे ऐकूही आलं.

"तीनच कारणं?" अण्णा म्हणाले. "आजार हजार आणि चुका तीन?"

टायसाहेबांनी खाली, आणखी खाली शोधलं. "एक 'इतर' आहे. पण तिथे दोनशेच अक्षरं बसतात."

"घ्या लिहून." अण्णांनी डोळे मिटले. "चूक रुग्णाची नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच बाकड्यावर सांगितलं, जास्त दुखतं त्याला पुढे जाऊ द्या. लोकांनी ऐकलं. यंत्राला हे कोणी सांगितलं नव्हतं. जबाबदार मी."

टायसाहेबांनी लिहिलं. 'मी' नंतर पूर्णविरामाला जागा उरली नाही. मग ते हळूच म्हणाले, "अण्णा, यावर तुमची सही झाली, की दुपारी सुनावणीत हे प्रकरण तुम्हाला कंपनीची चूक म्हणून मांडता येणार नाही."

"सात पानं आहेत," अण्णा म्हणाले. "मागची बाजू कोरी आहे. किराणा लिहायला होतील." आणि सही केली.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तिला यातलं काही सांगायचं नाही. यंत्राने आपणहून दुरुस्त केलं म्हणायचं."

"अहो, म्हणजे कंपनीचंच कौतुक होईल!"

"होऊ दे. चार दिवस."

तासाभराने संदेश आला: 'क्षमस्व. आपल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आढळला आहे. अभिनंदन!'

"सूनबाई, त्यांना सांग," आईंचा आवाज फुलला होता, "चूक झाली तर आपणहून दुरुस्त करतात. याला म्हणतात कारभार!"

अण्णांनी काहीतरी गिळलं. "हं," म्हणाले.

दुपारी सुनावणी. सभागृह गच्च. समितीचे तीन जण, प्रत्येकासमोर पाण्याचा पेला, त्यावर बशी. अण्णांचं नाव पुकारलं, तसे लोक सरसावून बसले, कारण त्या सभागृहातले निम्मे गुडघे अण्णांचेच होते. अण्णा उभे राहिले. खिशातून सात पानं काढली. आईंकडे बघितलं. पानं परत खिशात ठेवली.

"माझ्या बायकोचं उद्या ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "ते झालं की बोलतो." आणि खाली बसले.

लोक हसले. आई हसल्या नाहीत. त्यांची मान एकदम अण्णांकडे वळली. त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, पण चाळीस वर्षांत हा माणूस इतकं कमी कधीच बोलला नव्हता, एवढं त्यांना ऐकू आलं. मग त्याच उभ्या राहिल्या.

"मी कंपनीच्या बाजूने बोलायला आले होते. तशी आहेही. दीड वर्ष मी यादीत कुजले, ते कंपनीने नाही कुजवलं. आणि स्वच्छतागृहाला कडी असणं म्हणजे काय, हे समितीत एक तरी बाई असती तर मला सांगावं लागलं नसतं." समितीतले तिघे एकदम पाणी प्यायले. "पण पूर्वी बाकड्यावर बसलं की शेजारचा विचारायचा, तुम्हाला जास्त दुखतंय का? परवा मी हे एका माणसाला विचारलं, तर माझा मोतीबिंदू त्याच्या दाढेत गेला. मला कंपनीची कडी पण पाहिजे आणि आमच्या ह्यांचं बाकडं पण पाहिजे. कोणाच्या नावाची पाटी लावायची ते तुम्ही बघा. कडी आणि बाकडं एका घरात नांदत नसतील, तर दोघांनाही समजावा. आमच्या घरी आम्ही नांदतोच आहोत."

समितीने काय ठरवलं? समित्या ठरवतात तेच. आणखी तीन महिने बघू.

टायसाहेबांनी मात्र पुढच्या आठवड्यात यंत्रावर एक लाल बटण बसवलं, 'मला जास्त दुखतंय.' पहिल्या दिवशी दोनशे चौदा माणसं आली आणि दोनशे चौदा जणांनी ते दाबलं. तिसऱ्या दिवशी टायसाहेब दोन शिपायांसोबत स्वतः हात लावून व्हरांड्यातलं बाकडं आत घेऊन आले आणि यंत्राशेजारी ठेवलं. आता आधी बाकड्यावर बसायचं, कोणाचं बटण खरं ते आपसांत भांडून ठरवायचं आणि मग टोकन काढायचं.

शस्त्रक्रिया शुक्रवारीच झाली. जुन्या डॉक्टरीणबाईंच्या हातून, नव्या टेबलावर, दुरुस्त केलेल्या दिव्याखाली. दोन्ही पक्षांनी श्रेय घेतलं. दीड महिन्याने चष्म्याचा नंबर निघाला. चष्मा आला त्या दुपारी घरात मी आणि आईच होतो. त्यांनी तो नाकावर ठेवला आणि हाताला जे आलं ते वाचायला घेतलं. हाताला आला तो दवाखान्याचा घरी सोडतानाचा कागद. औषधं, पथ्य, तारखा, सगळं त्या मोठ्याने वाचत गेल्या. अगदी तळाशी 'इतर' होतं. यंत्राने तेही इमानेइतबारे छापलं होतं.

तिथून पुढे त्यांनी मनात वाचलं. मी कांदा चिरत होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांचं मला कारण द्यावं लागलं नाही.

"पूर्णविराम द्यायला नको?" एवढंच आई म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

मग फळीवरची पेपरांची रद्दी काढून त्या बसल्या. तासभर पानं उलटत होत्या. मधेच एकदा हसल्याचा आवाज आला. मी डोकावले, तर भोपळेवाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीच्या जागी येऊन बसले. चष्मा चाचपला, सापडला नाही. टेबलाखाली पाहिलं, उशीखाली पाहिलं.

"सूनबाई, माझा चष्मा?"

मी आईंकडे पाहिलं. आईंनी पेपर उघडला.

"बसा हो," त्या थेट अण्णांना म्हणाल्या, मला मधे न घेता. "दीड वर्ष तुम्ही वाचलंत. आता मी वाचते. हवामान कोरडं. कोण गेलं? ओळखीचं कोणी नाही. हां, हे ऐका. एका शहरात कंपनीने दवाखाना चालवायला घेतला, तर तिथल्या एका निवृत्त ड्रेसरला बोलावून बाकड्यावर बसवलं. म्हणाले, काका, तुम्ही फक्त बसून कोणाला जास्त दुखतंय ते सांगा."

अण्णांनी चष्मा शोधणं थांबवलं. त्यांना पेपरातल्या मजकुराचा दीड वर्षाचा अनुभव होता.

"असं छापलंय?" ते म्हणाले.

"छापलंय."

अण्णांनी पाय वर घेतले, भिंतीला टेकून बसले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"मग? तो काय म्हणाला?"

आईंनी पान उलटलं.